मागची फळी

टोच्या नाही, पटाशी नाही,
नुसतं बोट खुपसलं
आणि हौसाक्काच्या नावेची मागची फळी
पेढ्यासारखी आत गेली.

इंजिन आवळतात त्या चार बोल्टांभोवती
काळं, ओलं, कुबट.
वरचा हिरवा रंग मात्र शाबूत.
रंग माझ्याच हातचा, दोन वर्षांपूर्वीचा.

"लई ब्येस दिलावतास रंग," ती म्हणाली
आणि शेळीला पाला टाकायला गेली.

चिखलीत वैशाख तापलेला, नदी पार तळाशी.
पण राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीसला टेकलं
की सगळं गाव हिच्याच दारात येतं.
म्हणजे माझ्याकडे दिवस होते चाळीस, फार तर पंचेचाळीस.

साग मिळाला. प्रश्न चिकटवायचा होता.

लक्ष्मीपुरीत सुकुमारशेठनी पांढरी बरणी पुढं केली.
"सगळं कोल्हापूर यावरच बसतंय. खुर्च्या, पलंग, देव्हारे."
"पाण्यात?"
बरणी परत फळीवर गेली.
मग एक फेस येणारा निघाला, फुगून भेगा भरणारा.
फुगतो खरा, शेठ म्हणाले, पण फुगलेल्यात दम नसतो,
आमच्या धाकट्या मेव्हण्यागत.
एक जांभळट-काळा, जुन्या लोकांचा, पक्का,
पण त्याला सांधा हवा केसभरही फट नसलेला,
आणि माझी करवत, खरं सांगायचं तर, तशी चालत नाही.
शेवटी दोन डब्यांचा. राळ एकात, दुसऱ्यात तिला घट्ट करणारं.
किंमत ऐकून मी डबे उगाच उलटे करून पाहिले.

बाबालाल मिस्त्री म्हणाला, दुकानदाराला काय विचारतोस,
लाकडाला विचार.

मग आम्ही सागाचे तुकडे जोडले, प्रत्येक जातीचे दोन-दोन,
सागाचं तेल आधी थिनरनं पुसून,
आणि चार दिवसांनी हौसाक्काच्या चुलीवर,
तिच्या जुन्या पातेल्यात, शिजत घातले.
बटाट्यांसारखे. तासभर.
"मीठ घालू का?" तिनं विचारलं.

पांढऱ्याचे दोन्ही पातेल्यातच सुटले.
बाकीचे बाबालालनं दगडावर ठेवून हातोड्यानं फोडले
आणि तुटलेली तोंडं उन्हात धरली.
फेसवाला जोडातच उकलला, गुळगुळीत.
काळ्याचा एक धरून राहिला, एक नाही. माझी करवत.
दोन डब्यांवाल्याचं मात्र लाकूडच फाटलं होतं,
रेषा जिथल्या तिथं, शेजारचा साग उभा चिरलेला.
"हां," बाबालाल म्हणाला, "हे असं तुटाय पायजे."

हौसाक्कानं तो तुकडा उचलला,
जोडावरून अंगठा फिरवत राहिली बराच वेळ.
नावेतून गेलेल्या तिच्या माणसाचं नाव कुणी काढलं नाही.

कुजकं सगळं काढलं. मी थांबलो होतो
तिथून बाबालालनं अजून वीतभर पुढं खरवडलं,
कोरडं, पिवळं, खणखणीत लागेपर्यंत.
राळ कालवली, भुसा मिसळला, श्रीखंडाइतकी दाट केली.
उद्यमनगरातून आणलेले सहा शिकंजे लावले
आणि मी जोर काढून पिळायला लागलो तर
बाबालालनं मनगट धरलं.
"लई आवळू नकोस. सगळा रस भाईर येतोय.
जोड उपाशी ऱ्हातोय मग."

उरलेली राळ चहाच्या कपात होती.
थोड्या वेळानं तिला ताप भरला,
कप हातात धरवेना, वाफ निघाली,
हौसाक्का म्हणाली, ह्यात जीव हाय की काय.
सकाळी कपात दगड.

बोल्टांची भोकं मुद्दाम मोठी पाडली,
राळेनं भरली, मग त्या राळेतच पुन्हा भोक,
म्हणजे लोखंड लाकडाला शिवणार नाही
आणि पाणी लोखंडाच्या आडून आत शिरणार नाही.
हे मला दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं.
माहीत नव्हतं, असं मी तिला सांगितलंही नाही.

हिरव्या रंगाचा नवा डबा घेऊन गेलो तर
ती नावेच्या पाठीशी टेकून बसली होती.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली.
"वारनीस मार. आतलं दिसंल असं."